आयतं पान

बँकेत ३८ वर्षं काढलेल्या माणसाला कागदावर मधोमध उभी रेघ मारल्याशिवाय कुठलाही निर्णय घेता येत नाही. डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, खाली बेरीज. मुलीच्या लग्नाचं कार्यालय ठरवताना मी अशी रेघ मारली होती आणि निवृत्तीनंतर पुण्यातच राहायचं की गावी जायचं, हे ठरवतानाही. गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात ठरलं की यंदा आठ दिवस कुठंतरी जायचं. देवदर्शनाला नाही, कुणाच्या कार्याला नाही, नुसतं खायला आणि बघायला. मी सवयीनं वही काढली, रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं ‘मालवण’, उजवीकडे ‘मलबार’.

हल्ली हा प्रश्न पुष्कळ घरांतून निघतो. आमच्या वडिलांच्या पिढीत प्रवासाला कारण लागायचं. काशी, पंढरपूर, नाहीतर बदली. आमच्या पिढीनं एल.टी.सी. घेऊन काश्मीर आणि कन्याकुमारी पालथी घातली, पण सोबत पुऱ्यांचा आणि चिवड्याचा डबा होता. आता माणसं उघडपणे खाण्यासाठी घराबाहेर पडतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एखाद्या मुलखाचा इतिहास त्याच्या किल्ल्यांपेक्षा त्याच्या चुलीवर अधिक स्पष्ट वाचता येतो, असं माझं मत आहे. अडचण एवढीच की आमच्याकडे आठवडा एक, पेन्शन एक, आणि दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी तीन कुरकुरणारे. एका हिवाळ्यात दोन्ही किनारे होण्यासारखे नव्हते.

हे दोनच किनारे का, ते आधी सांगतो. मालवण अशासाठी की १९८९ ते १९९२ अशी तीन वर्षं मी त्या बाजूच्या एका शाखेत होतो. मलबार अशासाठी की पुढे विभागीय कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर कन्नूरकडचा एक सहकारी सात वर्षं बसत होता. दुपारी डबे उघडले की आमचा वाद ठरलेला. त्याच्या डब्यात तांदळाच्या शेवयांची चकती निघाली की मी म्हणायचो, अरे, हे तर आमचं शिरवाळं! तो म्हणायचा, हे इडियप्पम, तुमच्याकडे आमच्याकडून गेलेलं. त्याच्या घरची उण्णियप्पम पाहिली की मला आप्पे आठवायचे. शेवटी तो हात धुताना म्हणायचा, “साहेब, तुमचं कोकण जिथं संपलं असं तुम्हाला वाटतं, तिथून ते पुढं चालूच राहतं. एकदा येऊन बघा.”

नकाशा पाहिला तर त्याचं म्हणणं पटतं. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतची सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. मुंबईहून निघालेली गाडी कुडाळ, सावंतवाडी, मडगाव, मंगळूर करत तशीच पुढं कन्नूर, तलश्शेरी आणि कोझिकोडला जाते. वाटेत डाव्या हाताला सह्याद्री, उजव्या हाताला समुद्र आणि मध्ये भात, माड, सुपारी, फणस, मिरी. दोन्हीकडच्या जुन्या घरांवर मंगळुरी कौलं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासूनची. आपलं कोकम आणि केरळातली कुडमपुळी ही एकाच कुळातली झाडं आहेत. म्हणजे कच्चा माल जवळपास एकच. फरक पडला तो या किनाऱ्यांवर समुद्रातून कोण आलं, किती दिवस राहिलं आणि कुणाच्या घरात जेवलं, यामुळे.

डावीकडचा रकाना मी एका बैठकीत भरला. मी मालवणला पहिल्यांदा गेलो तो कोल्हापूरहून एस.टी.नं, फोंड्याचा घाट उतरून. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. माझं काम होतं होड्यांना, जाळ्यांना आणि काजूच्या कलमांना कर्ज देणं. कर्जाचा अर्ज समजून घ्यायचा म्हणून मी रापण बघायला किनाऱ्यावर गेलो. भलं मोठं जाळं होडीतून अर्धगोल सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून गावातल्या माणसांनी मिळून ओढायचे. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. आमच्या छापील अर्जात ‘कर्जदाराचे नाव’ असा एकच रकाना होता आणि इथं समोर तीस माणसं उभी. त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणाला होता, “सायबानु, होडयेक पैसे तुम्ही दितास, पण मासो कोण दितलो?” तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पुढं मोठ्या यांत्रिक नौका किनाऱ्याच्या जवळ येऊ लागल्या आणि पारंपरिक मच्छीमारांची त्यांच्याशी भांडणं सुरू झाली, तेव्हा मला त्याची आठवण झाली.

खाण्याचं म्हणाल तर त्या तीन वर्षांत माझी जीभ घडली. एका खाणावळीत आम्ही बँकेतले तिघे जेवायचो. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं सुकं, कुळथाची पिठी, शेवटी सोलकढी. तिरफळ ही या भागाची खूण आहे. बांगड्याच्या तेलकट वासाला ते असं काही आवरतं की पुढं पुण्यात तिरफळाशिवायचा बांगडा मला अपुरा वाटू लागला. शाकाहारी माणसानंही तिथं जायला घाबरू नये. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, घावणे, नारळाच्या गोड रसातलं शिरवाळं, काकडीचं धोंडस. कोंबडी-वडे आता पुण्या-मुंबईतही मिळतात, पण ओले काजूगर चाखायचे तर मार्च-एप्रिलात तिथंच जायला हवं.

आणि दशावतार! कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागतात, ते पार उन्हाळ्यापर्यंत. देवळासमोर मांडव, एक बाकडं, पायपेटी, मृदंग आणि झांज. आधी गणपती येतो, संकासुर येऊन लोकांना हसवतो, मग मुख्य आख्यान. संवाद कुणी लिहून दिलेले नसतात. पुराणातली गोष्ट ठरलेली, शब्द ज्याचे त्याचे. स्त्रीपात्रं पुरुषच करतात, आणि अशी करतात की पुढं बसलेल्या बायकांनी पदर सावरावा. पहिल्यांदा रात्रभर दशावतार पाहून मी सकाळी दहाला शाखेत आलो, तर रात्रीचा राजा काउंटरपलीकडे उभा. रंगाचा एक ठिपका कानामागं राहिलेला, हातात काजूच्या कर्जाचं पासबुक.

पाहण्यासारखं आणखीही पुष्कळ होतं. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग; कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं जपलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, ज्यांच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली; सावंतवाडीच्या राजवाड्यात हातानं रंगवले जाणारे गंजिफे आणि चितार आळीतली लाकडी फळं; वेंगुर्ल्याची डच वखार. डावीकडचं पान भरलं आणि मला ओळी मागच्या पानावर न्याव्या लागल्या.

उजवीकडचा रकाना ऐकीव आणि वाचीव माहितीवर भरायचा होता, तरीही तो रिकामा राहिला नाही. मलबार म्हणजे केरळाचा उत्तर भाग. आपल्या जुन्या पुस्तकांतलं कालिकत, तेल्लिचेरी, कण्णनूर. १४९८ मध्ये वास्को द गामा कोझिकोडजवळ उतरला हे आपण शाळेत पाठ केलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून अरब व्यापारी तिथं येत होते. मोसमी वारं फिरेपर्यंत त्यांना किनाऱ्यावर थांबावं लागे. त्या थांबण्यातून लग्नं झाली, घरं झाली, माप्पिळा मुसलमानांचा समाज वाढला आणि त्यांच्या घरातून एक वेगळंच स्वयंपाकघर उभं राहिलं. गहू आणि मांस घोटून केलेली अलीसा ही सरळसरळ अरबांच्या हरीसची बहीण. तांदळाच्या पिठाची, आपल्या भाकरीहून खूप पातळ अशी पत्तिरी. तलश्शेरीची बिर्याणी लांब बासमतीची नसते. तिला कैमा किंवा जीरकशाला नावाचा बुटका, सुवासिक तांदूळ लागतो. मुट्टमाला म्हणजे अंड्याची माळ: पिवळ्या बलकाची धार उकळत्या पाकात सोडून केलेल्या गोड शेवया. असाच पदार्थ पोर्तुगालातही करतात.

एक मराठी धागाही सापडला. आपले विष्णुपंत छत्रे, भारतीय सर्कशीचे जनक, १८८० च्या दशकात सर्कस घेऊन तलश्शेरीला गेले होते. तिथं कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे व्यायामशिक्षक त्यांना भेटले. त्या भेटीतून तलश्शेरीत सर्कशीचं शिक्षण सुरू झालं आणि पुढं भारतातल्या बहुतेक सर्कशींना कसरतपटू याच गावानं पुरवले. लहानपणी आपण सर्कशीच्या तंबूत झुल्यावर पाहिलेली पोरं-पोरी बहुतेक तिकडचीच असायची.

आणि तेय्यम. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मे अखेरपर्यंत कन्नूरच्या आसपास गावोगावच्या देवरायांत तो चालतो. वण्णान, मलयन अशा, एके काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतली माणसं चेहरा रंगवून, डोक्यावर भला थोरला मुकुट चढवून उभी राहतात, आणि त्या घटकेपासून ती माणसं राहत नाहीत, देव होतात. गावातले उच्चवर्णीय त्यांच्यापुढं हात जोडतात. पोट्टन तेय्यमच्या कथेत तर चांडाळाच्या रूपातला देव शंकराचार्यांनाच विचारतो की तुझ्या-माझ्या रक्तात फरक तो कोणता.

शेवटी मी हवामान, भाषा, खर्च, तब्येत असे रकाने घेतले. मासेमारी बंदी दोन्हीकडे पावसाळ्यात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस, केरळात यांत्रिक नौकांना ५२ दिवस. म्हणजे पावसाळ्यात ताज्या मासळीसाठी दोन्हीकडे जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे उत्तम. भाषेत मालवण पुढं, अंतरात मालवण पुढं, तिखटाच्या सवयीत मालवण पुढं. बेरीज केली. मालवण सात, मलबार चार. मनातल्या मनात खूश होऊन मी वही हिच्यापुढं सरकवली. हिचं माहेर वेंगुर्ल्याचं. माझा निकाल ऐकून ही हरखून जाईल, अशी माझी खात्री होती.

हिनं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग म्हणाली, “अहो, यात एक रकाना राहिलाय.”

“कुठला?”

“स्वयंपाक कोण करणार?”

मी हसलो. म्हटलं, आपण सहलीला चाललोय, करणारे करतील. त्यावर ती जे बोलली ते इथं लिहायला मी तिची परवानगी घेतली आहे.

वेंगुर्ल्याचं तिचं घर आता तिच्या भाच्याकडे आहे. भाऊ गेल्यावर त्यानं मुंबईची नोकरी सोडली, मागच्या पडवीच्या तीन खोल्या काढल्या आणि पर्यटकांसाठी घरगुती निवास सुरू केला. चांगला चालतो. आम्ही सिंधुदुर्गात गेलो आणि दुसरीकडे उतरलो तर त्याला वाईट वाटणार. त्याच्याकडे उतरलो तर तो पैसे घेणार नाही. ऐन हंगामात त्याची एक खोली आठ दिवस अडवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, म्हणजे भरपाई करायची ती हातानं. “माझी भाचेसून पहाटे पाचला उठून वीस माणसांचे घावणे काढत असताना मी काय पाय पसरून बसू? पहिल्या दिवशी नारळ खोवायला बसेन, दुसऱ्या दिवशी वाटप माझ्याकडे येईल. तुम्ही मात्र ओसरीवर बसून सोलकढी प्याल आणि घरी आल्यावर लेख लिहाल.”

मी गप्प बसलो. तिनं पुढं जे सांगितलं ते मला ठाऊक होतं, पण मी कधी एकत्र मांडून पाहिलं नव्हतं. मी मालवणला होतो ती तीन वर्षं ती पुण्यात माझ्या आईचं पथ्यपाणी आणि मुलीची शाळा सांभाळत होती. मे महिन्यात माहेरी यायची. माझ्या लेखी ती सुट्टी होती. तिच्या लेखी तो आंब्याची साठं घालण्याचा, आमसुलं वाळवण्याचा, मिरच्या निवडून मसाला भाजण्याचा, फणस चिरून हाताचा चीक तेलानं काढण्याचा महिना होता. शनिवारी मी मालवणहून जेवायला जायचो, जावई म्हणून मला पहिल्या पंक्तीला बसवायचे, आणि बायका शेवटी बसायच्या तेव्हा तव्यावर तळाच्या तुकड्यांपलीकडे काही उरलेलं नसायचं. “मला त्या खाण्याची चव माहीत आहे,” ती म्हणाली, “पण वास जास्त माहीत आहे. धुराचा.”

तेव्हा वाचकहो, तुम्ही दोन प्रदेशांत निवड करत असाल तर पहिला प्रश्न हा विचारा. समुद्र किती निळा आहे हा नव्हे. तुमच्यापैकी ज्यानं आयुष्यभर रांधलं, त्याला कुठं आयतं पान मिळेल? आमच्या घरी या एका रकान्यानं सात विरुद्ध चारचा निकाल फिरवला. जानेवारीत आम्ही पनवेलहून नेत्रावती एक्स्प्रेस धरली.

अंधार पडल्यावर सिंधुदुर्ग लागला. कुडाळचे दिवे येताना दिसले तशी ही उठून दारापाशी गेली आणि दिवे मागं पडेपर्यंत तिथंच उभी राहिली. परत येऊन म्हणाली, “माहेरावरून एवढ्या जोरात पहिल्यांदाच पुढं जातेय.”

तलश्शेरीत एका जुन्या माप्पिळा घरात आम्ही चार दिवस राहिलो. घरच्या बाई साठीच्या पुढच्या. त्यांचं हिंदी, हिचं इंग्रजी आणि दोघींचे हात यांवर बोलणं चाले. सकाळी पुट्टु आणि काळ्या हरभऱ्यांची उसळ, जिला कडला म्हणतात. दुपारी मासे आणि भात. एके दिवशी शिंपल्यांत तांदळाचं वाटण भरून, उकडून आणि मसाला लावून तळलेले कल्लुम्मक्काय. संध्याकाळी पिकल्या केळ्यात खोबरं भरून तळलेलं उन्नक्काया आणि बिनदुधाचा सुलेमानी चहा. सगळ्याला खोबरेल तेलाचा वास. पहिले दोन दिवस मला तो जड गेला, हे कबूल करतो. तिरफळाची आठवण येत होती. हिला काहीही जड गेलं नाही. ती टेबलाशी बसून सावकाश जेवत होती. तिला इतकं सावकाश जेवताना मी क्वचितच पाहिलं असेल. घरी ती नेहमी एक कान गॅसकडे ठेवून जेवते.

तिसऱ्या दिवशी त्या बाईंनी घर दाखवलं. हे घर माझ्या आईचं, तिच्याआधी तिच्या आईचं, त्या म्हणाल्या. नवरा लग्नानंतर इकडे आला. कन्नूर-तलश्शेरीच्या माप्पिळा कुटुंबांत ही जुनी रीत आहे. मुलगी माहेर सोडत नाही, जावई येतो. कन्नूरच्या अरक्कल राजघराण्यात तर गादीसुद्धा घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीकडे जायची, मग तो पुरुष असो वा स्त्री. तिथं बीबींनी राज्य केलेलं आहे. जावई घरात नवीन आला की त्याच्यासाठी पदार्थांची अशी काही रांग लागते की मलबारच्या निम्म्या पाककलेचं श्रेय त्या जावयालाच द्यावं. मी हिला म्हटलं, म्हणजे आपल्या अधिक मासातल्या धोंड्याचा हा मोठा भाऊ. ती हसली नाही. तिचं लक्ष भिंतीवरच्या आजी-पणजींच्या फोटोंकडे होतं. रात्री म्हणाली, “जावयाचे लाड इथंही आहेतच. चूल इथंही बाईकडेच आहे. पण घर तिचं आहे. तिला ‘माहेरी जाते’ असं कधी म्हणावंच लागलं नाही.” घर बाईचं असलं म्हणून तिचे कष्ट कमी होतात असं मी म्हणणार नाही. पण रांधणारी बाई आपल्या आईच्या ओट्याशी उभी आहे आणि कुणाच्या घरात आलेली नाही, एवढं त्या घरात दिसत होतं.

एके पहाटे चार वाजता आम्ही कन्नूरजवळच्या एका देवराईत तेय्यम पाहिला. नारळाच्या झावळ्यांच्या चुडती, चेंड्यांचा आवाज, लाल रंग, आणि आमच्याशेजारी अंगावर चादर घेऊन झोपलेली पोरं. अगदी आपल्या जत्रेसारखं. पण एक भेद आहे. दशावतारातला देव बोलतो, विनोद करतो, लोक त्याच्या बोलण्याला दाद देतात. तो नट आहे हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही माहीत असतं. तेय्यमपुढं कुणी दाद देत नाही. माणसं रांगेनं जातात, देव त्यांचा हात हातात घेतो आणि ती आपलं गाऱ्हाणं सांगतात. सकाळी मुकुट उतरला की दोघेही, तिकडचा देव आणि इकडचा राजा, आपापल्या कामाला जातात.

परश्शिनिकडवूला, वळपट्टणम नदीच्या काठी, मुत्तप्पनचं देऊळ आहे. त्याला नैवेद्य मासळीचा आणि ताडीचा. देवळात कुत्री मोकळी फिरतात, त्यांना कुणी हाकलत नाही, कारण ती देवाची सोबती. दर्शनानंतर येणाऱ्या प्रत्येकाला उकडलेले मूग, खोबऱ्याच्या कातळ्या आणि कपभर चहा देतात. जात, गाव कुणी विचारत नाही. हिनं तो चहा नदीच्या पायरीवर बसून घेतला आणि म्हणाली, “यांनी सोपं करून टाकलंय.”

शेवटचे दोन दिवस कोझिकोडला काढले. युनेस्कोनं २०२३ मध्ये ‘साहित्यनगरी’ म्हणून मान दिलेलं हे भारतातलं पहिलं शहर. वैकोम मुहम्मद बशीर शेवटची वर्षं शेजारच्या बेपूरला राहिले, तिथंच मोठी लाकडी उरू जहाजं बांधतात. मिठाईच्या गल्लीत रंगीबेरंगी हलव्याच्या विटा रचलेल्या. मी एक किलो घेतला. हिनं एकही पाककृती विचारून घेतली नाही. गाडीत मी म्हटलं, ती पत्तिरी घरी जमेल का गं? ती म्हणाली, “ती तिथंच राहू दे.”

आता सल्ला. अंतर कमी हवं असेल, भाषा समजायला हवी असेल, मुलांना किल्ला आणि दशावतार दाखवायचा असेल, तर बेलाशक सिंधुदुर्ग. डिसेंबरात जत्रांसाठी, नाहीतर मार्च-एप्रिलात काजूगरांसाठी. गणपतीत मात्र पाहुणा म्हणून जाऊ नये, तेव्हा घरं त्यांच्या चाकरमान्यांची असतात. आपल्याच खाण्याचं दुसरं रूप पाहायचं असेल, समुद्रानं माणसं कशी मिसळली हे ताटात बघायचं असेल, आणि शब्द न कळता दोन दिवस काढायची तयारी असेल, तर मलबार. तेय्यमची तारीख आणि ठिकाण तिथल्या यजमानांना आधी विचारून ठेवा. रमजानच्या महिन्यात माप्पिळा खाणावळी दिवसा बऱ्याचशा बंद असतात, पण संध्याकाळी इफ्तारच्या वेळी जे मिळतं ते एरवी मिळत नाही.

आमची गोष्ट मात्र तिथं संपली नाही. फेब्रुवारीत हिनं भाच्याला फोन लावला. “एप्रिलात चार दिवस येतोय आम्ही. खोलीचं भाडं किती घेतोस?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “आत्ये, ह्या काय बोलतंस तू?”

“बिल करशील तर येईन. नाहीतर नाही.”

त्यानं बिल केलं. आम्ही चार दिवस पडवीच्या खोलीत राहिलो, इतर पाहुण्यांबरोबर बाकड्यावर बसून काजूगरांची उसळ आणि घावणे खाल्ले. ही स्वयंपाकघरात एकदाच गेली, पाणी प्यायला. निघताना बिल हातात आलं तेव्हा जुन्या सवयीनं मी बेरीज तपासली; बरोबर होती, एक पैशाची सूट नव्हती. पैसे दिले. मग भाचेसुनेनं आत नेऊन आत्याची ओटी भरली; तांदूळ, खण, परसातला नारळ. त्याचं बिल नव्हतं.

दारात ही तिला म्हणाली, “सहा वर्षांत एकदा तरी कुठं गेलीस का गो?” ती हसली, म्हणाली, “पाहुण्यांका सोडून खंय जातलंय?” तेव्हाच ठरलं. १ जूनला मासेमारी बंद होते, पाहुणे थांबतात, खोल्या रिकाम्या होतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती आठ दिवस पुण्याला येणार आहे. रात्री मी वही काढली, पण रेघ मारली नाही. हिनं सांगितलं त्याप्रमाणे एवढंच लिहिलं, की त्या आठ दिवसांत घरातला स्वयंपाक मी करायचा आहे.